डिप्लोमावालीची लेक

आमच्या सासरी माणसं दोन प्रकारची: डिग्रीवाली आणि मी. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पुण्यात एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. ड्रॉइंग मी करायची, सही डिग्रीवाले साहेब करायचे आणि नावही त्यांचंच व्हायचं. जपानातल्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीनं आम्हाला तिथे नागोयाला पाठवलं, तेव्हा वाटलं, सुटले एकदाची.

लेक इथेच मोठी झाली. शाळेत एकदा कृत्रिम पाय लावून धावणारा एक माणूस आला होता. त्याला पाहून ती घरी आली आणि "मला असे पाय करायचेत" म्हणून हटून बसली. ते शिकवणारी संस्था आमच्या स्टेशनजवळच होती, पण तिथे मिळायचा डिप्लोमा. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "उद्या पुण्याला परत गेलो तर डिप्लोमाला कोण विचारतं?" हे तो माझ्यासमोर बोलला. त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

पण लेकीचं नशीब जोरावर होतं. तिची शाळा संपेपर्यंत इथला कायदा बदलला, आणि अशा संस्थांना आपापल्या खास विषयात चार वर्षांची पदवी देणारं विद्यापीठ काढता येऊ लागलं. आमच्या स्टेशनजवळच्या संस्थेनंही काढलं. विषय तोच, प्लास्टरनं पांढरे झालेले एप्रन तेच. नवरा मात्र लोण्यासारखा विरघळला. मी म्हटलं, "कालपर्यंत जे सुतारकाम होतं, ते आज शास्त्र झालं का?" तो प्रवेशाचा फॉर्म भरत बसला.

शेवटच्या वर्षी शिक्षकांच्या देखरेखीखाली एका खऱ्या माणसासाठी पाय करायचा आणि तो परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा, अशी अट होती. लेकीच्या वाट्याला एकट्या राहणाऱ्या एक आजी आल्या. त्यांना आपल्या तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत काठीशिवाय उभं राहायचं होतं, बस. पाय वर्कशॉपमध्ये झकास चालला. मग लेक तो घेऊन त्यांच्या घरी गेली. आजींनी दारात बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि त्यांचा तोल मागे गेला. लेकीनं धरलं म्हणून बरं. पाय जुळवताना तिनं बुटाची टाच हिशेबात धरली होती. बूट निघाले आणि सगळंच बिघडलं.

घरी येऊन ती रडायलाच लागली. "आई, मी बाका आहे, शुद्ध मूर्ख! जन्मभर दारात चपला काढतेय आणि हेच विसरले!"

"दोन पाय कर," नवरा म्हणाला. "एक घरातला, एक बाहेरचा."

"म्हणजे त्या काय दारात पाय बदलत बसणार?" मी म्हटलं.

शेवटी तोड लेकीलाच सुचली. घरात घालायच्या मोज्याच्या टाचेत, बुटाच्या टाचेइतकीच उंच घट्ट पाचर. ती कापली, घासली, पुन्हा पुन्हा बसवून पाहिली तिनंच. मोज्यात कप्पा शिवून दिला तो मात्र मी, आणि हे मी भेटेल त्याला सांगते.

परीक्षेला पालकांना मागे बसू देत होते. समोर घरातल्यासारखी पायरी आणि तातामी मांडली होती. आजींनी बूट काढले, पाचरीचा मोजा चढवला, पायरी चढून तातामीवर आल्या आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. उभ्या राहिल्या. मग लेकीकडे वळून चक्क कमरेत वाकल्या, आणि तोल गेला नाही. "आभारी आहे, सेन्सेई," असं जपानीत म्हणाल्या. गुरुजींना, डॉक्टरांना म्हणतात ते सेन्सेई, माझ्या पोरीला! माझा ऊर भरून आला. शेजारी नवरा उगाचच चष्मा पुसत होता.

पदवी मिळाली त्या दिवशी आम्ही तिघं मेट्रोनं घरी येत होतो. सासरच्या ग्रुपवर अभिनंदनं सुरू होती. लेकीनं फोन बाजूला ठेवला.

"आई, तुझ्या पॉलिटेक्निकमध्ये तेव्हा असं असतं, तर तुलाही डिग्री मिळाली असती, ना?"

"मिळाली असती," मी म्हटलं. "आणि मी पहिली आले असते."