रोज संध्याकाळी काढलेली वायर

गाडी चालवून मी थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जी चिडचिड दिसेल तिचा दोष एकट्या गाडीला जाणार नाही. पन्नाशी उलटली. सकाळी मी उठतो आणि कंबर माझ्यानंतर बऱ्याच वेळाने उठते. धंदा म्हणजे एक छोटा ट्रक, सीएनजीवर चालणारा, वेळ पडली तर पेट्रोलवरही. पहाटे निघायचं, आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात भाजी भरायची आणि संध्याकाळपर्यंत रत्नागिरीतल्या दुकानांत पोचवायची. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण जेवणाचं ताट उचलतोय तोच मिरकरवाड्याहून मासळीच्या व्यापाऱ्याचा फोन येतो. बोट लागली, माल कोल्हापूरला टाकायचाय, येतोस का. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग दिवसा जो घाट उतरून आलो तोच पुन्हा चढायचा.

पावसाळा संपला आणि गाडी बिघडली. बंद पडली असती तर बरं झालं असतं, निदान दुरुस्त तरी झाली असती. ती चालायची, पण रडत. सकाळी चालू केली की जागेवरच इंजिन कधी ओरडायचं, कधी आता मरतंय की मग असं वाटायचं. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर विचार करायची आणि मग धक्का देऊन पुढे जायची. सपाटीला हे नखरे चालतात. घाटाच्या वळणावर, मागे सिमेंटचा मोठा ट्रक चिकटलेला असताना, गाडी विचार करत बसली तर आपलं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. एकदा तो मागचा ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. त्याच्या ड्रायव्हरने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी मुकाट ऐकून घेतल्या, कारण त्याची काही चूक नव्हती. आदल्या रात्री मासळीची फेरी झालेली असली की माझं डोकंही गाडीसारखंच उशिरा चालायचं. दोघांतल्या एकाने तरी वेळेवर जागं असायला हवं होतं. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त कंटाळा यायचा.

कुवारबावच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथला मेकॅनिक तसा शांत माणूस. त्याने डॅशबोर्डखाली वायर खुपसली, हातातल्या स्क्रीनवर बराच वेळ बघितलं आणि मला गाडीचं मानसशास्त्र समजावून सांगितलं. आजकालच्या गाडीला कम्प्युटर असतो. इंजिनाला गॅस किती, हवा किती, हे तो रोज चालता चालता शिकतो आणि लक्षात ठेवतो. कधी कधी भलतंच काही शिकून बसतो. मग त्याची पाटी पुसायची आणि त्याला नव्याने शिकू द्यायचं. पाटी पुसायची म्हणजे काय, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची. आम्ही समोरच्या टपरीवर चहा पिऊन आलो तोवर पाटी कोरी झाली होती. आता काही दिवस सांभाळून चालवा, थोडी गॅसवर, थोडी पेट्रोलवर, म्हणजे शिकेल, असं तो म्हणाला. माझ्या पोरांनी शाळेत जे केलं नाही ते माझा ट्रक करणार होता.

पहिल्या दिवशी परत येताना संध्याकाळी खरंच फरक वाटला. साखरप्याच्या पुढे गाडी लोण्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाढे पंचावन्न.

इथे वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा जन्मभर ड्रायव्हर होते, दुसऱ्यांचे ट्रक चालवायचे, तेही बहुतेक रात्रीचे. आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावत नाहीत, पण गाडी अंगणात लागली की उठतात. त्यांच्या पानाच्या डब्यात सुपारी-चुन्याबरोबर एक दहा नंबरचा पाना असायचा. तो घेऊन ते गाडीकडे यायचे, बॅटरीचा खोका उघडायचे आणि निगेटिव्ह वायर काढून ठेवायचे. टर्मिनलला फडकं गुंडाळायचे. पहाटे मी चहा घेत असताना वायर परत लावून द्यायचे. आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, खाडीच्या वाऱ्यात. खारी हवा टर्मिनल खाते, हे त्यांचं कारण. शिवाय बैलाचं जोत रात्री सोडतात, मग हिचं का सोडू नये, हे वरून. हा प्रकार कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. घरातल्या म्हाताऱ्याच्या सवयी कोण मोजतो? दाराला कडी घालावी तसं ते रोज चालायचं.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. उलट गॅरेजमधून आल्यावर मी बाबांना कौतुकाने सांगितलं की वायर काढून ठेवणं हा गाडीवरचा औषधोपचार आहे. बाबा खूश. गॅरेजवाला पैसे घेऊन करतो ते मी रोज फुकट करतो, असं त्यांनी शेजाऱ्यालाही सांगितलं. मलाही पटलं. रोजचा डोस चालू आहे, गुण यायला वेळ लागतो, असं म्हणत मी आणखी काही दिवस घाटात धक्के खाल्ले.

पुन्हा गॅरेजात गेलो तेव्हा मेकॅनिक माझ्याइतकाच वैतागला होता. त्याने सगळं तपासलं, काही सापडेना. मग सहज त्याची नजर डॅशबोर्डवरच्या घड्याळावर गेली. भर दुपारी ते सकाळचे आठ दाखवत होतं. हे असंच असतं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, घड्याळ पहिल्यापासून खुळंच आहे, रोज सकाळी बारापासून नव्याने सुरू होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, रोज बॅटरी कोण काढतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवसभर घाट चढून-उतरून गाडी जे शिकायची ते बाबा संध्याकाळी पुसून टाकत होते आणि सकाळी ती पुन्हा बालवाडीत बसत होती. मेकॅनिक हसला. मला हसू आलं नाही. परत येताना पुलावर एकच विचार होता, की बाबांना हे सांगायचं कसं. त्या माणसाकडे दिवसभरात करण्यासारखं तेवढंच एक काम उरलं होतं.

अंगणात गाडी लावली. बाबा पाना घेऊन आले. मी त्यांना थांबवलं आणि जमेल तितक्या मऊ आवाजात सगळं सांगितलं. टर्मिनलला ग्रीस लावून देतो, खाऱ्या हवेचं काही चालणार नाही, असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. हात बॅटरीच्या खोक्यावर तसाच होता. ते रागावतील किंवा खजील होतील असं मला वाटलं होतं. दोन्ही झालं नाही.

"खाऱ्या हवेचं सोड," ते म्हणाले. "बोट लागली की तुला फोन येतो. वायर लावलेली असली की तू चावी घेऊन जातस, कोनाला सांगत नाय. वायर काढलेली असली की पाना मागायला मला उठवाय लागतं. तू मला उठवत नाय, ते मला म्हाईत हाय."

खरंच होतं. बाबा जागे असले तर पाना मागून मी निघायचो, पण कितीतरी वेळा फोन आल्यावर मी दारापर्यंत गेलो होतो, वायर आठवली होती, आत बाबा झोपलेले दिसले होते, आणि गाडीत बिघाड आहे असं व्यापाऱ्याला सांगून आडवा झालो होतो. वर त्या वायरीला शिव्याही घातल्या होत्या.

"मी पन असाच चालवायचो," बाबा पुढे म्हणाले. "येकदा घाटात डोळा लागला. जाग आली तवा पुढलं चाक कठड्याला टेकलेलं. घरात कोनाला बोललो नाय. तुज्या आईला पन नाय."

एवढं बोलून ते पायरीवर बसले. मीही शेजारी बसलो. इतका थकवा मला त्याआधी कधी जाणवला नव्हता. वर्षानुवर्षांचा सगळा एकदम अंगावर आला आणि रडू फुटेल की काय असं वाटलं. घरात बायको भाकऱ्या थापत होती, तिचा आवाज येत होता. थोड्या वेळाने मी खिशातून चावी काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली. वायर राहू द्या, म्हटलं, रात्रीपुरती ही ठेवा.

गाडी आठवड्याभरात शिकली. घाटात आता विचार करत नाही, पाय ठेवला की चढते. चावी रोज संध्याकाळी बाबांकडे जाते आणि पहाटे चहाबरोबर परत येते.

परवा जेवण झाल्यावर फोन आला. मोठी बोट लागली होती, व्यापारी गयावया करत होता आणि भाडंही चांगलं देत होता. येतो म्हणालो. सवयीने म्हणालो. बाबांच्या खोलीच्या दारात गेलो. ते झोपले असतील असं वाटलं होतं, पण पडल्या पडल्या जागेच होते, फोन त्यांनीही ऐकला होता. मला बघून त्यांनी उशाखाली हात घातला आणि चावी पुढे केली.

मी ती घेतली नाही.

पाणी हवंय का विचारायला आलो, असं मी म्हणालो. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि चावीसकट हात पांघरुणात घेतला. मी बाहेर येऊन व्यापाऱ्याला दुसरी गाडी बघायला सांगितलं आणि झोपलो.