या घरात मूल नाही

माझ्या सासूबाईंना बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी जन्म काढला, आणि तो सगळा उभ्याने. चादर वाफेच्या रोलरमधून बाहेर आली की दोघींनी चार टोकं धरून घडी घालायची, अशी तिथली पद्धत. सासूबाई मात्र कड हनुवटीखाली दाबून एकट्यानेच घडी घालायच्या. सोबतीण आली की गप्पा येतात, आणि गप्पा आल्या की ‘तुमचं माहेर कुठलं हो?’ हा प्रश्न येतो. तो त्यांना नको असायचा. तिथे सगळ्या बायका त्यांना मौनीबाई म्हणत.

मी त्यांच्या अगदी उलट. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते आणि तोंडाची टकळी चालू ठेवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाटलं होतं, दोन महिन्यांत म्हातारीला बोलती करते. कसलं काय! त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि भिंत निदान ऐकताना दचकत तरी नाही. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आई डोंगरापलीकडच्या मूळच्या लोकांतली आहे. लहानपणीच इकडे आली. तो विषय घरात काढायचा नाही.” एवढं सांगून तो पाना घेऊन नळाखाली घुसला. आमच्या घरात अवघड विषय निघाला की नळ गळायला लागतो.

सासूबाईंच्या खोडी मात्र अजब. टिल्ली, म्हणजे माझी सात वर्षांची लेक, तिचे कपडे त्या बाहेर दोरीवर वाळत घालू देत नसत. ते न्हाणीघरात टांगायचे, मग त्यांना कुबट वास येईना का. तिच्या चपला दाराशी ठेवायच्या नाहीत. खाली गाडी थांबली की हातातलं टाकून त्या पडद्याआड उभ्या. मी चिडायचे, पुटपुटायचे, आणि कपडे न्हाणीघरातच टांगायचे. कारण नातीवर त्यांचा जीव असा होता की बोट ठेवायला जागा नव्हती. आजी-नात कोपऱ्यात कुजबुजत. आजीच्या त्या भाषेतलं टिल्लीला बरंच कळायला लागलं होतं. मी खोलीत आले की दोघी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प. मला थोडा हेवाही वाटायचा.

बुधवारी आमचं दुकान दुपारी बंद होतं. तशी एका बुधवारी मी लवकर घरी आले, तर खाली शाळेची गाडी उभी. पांढरी, दारावर शाळेचं चिन्ह. वर आले तर पुढच्या खोलीत टिल्लीच्या वर्गाच्या बाई खुर्चीवर अवघडून बसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. तरुण पोरगी, चेहराच हसरा. समोर दिवाणावर सासूबाई.

“अय्या बाई, तुम्ही!” मी म्हटलं. “काय केलं आमच्या कार्टीने?”

“काही नाही हो. उलट फार छान केलं. आम्ही मूळच्या लोकांविषयी धडा सुरू करतोय. त्यांचा इतिहास, त्यांची भाषा, जगणं. टिल्ली उठून म्हणाली, माझी आजी त्यांच्यातलीच आहे. मला वाटलं, पुस्तकातून शिकवण्यापेक्षा आजींनाच वर्गात बोलवावं. अनायासे ही शाळेची गाडी इकडे येत होती, म्हणून...” बाईंचं हसू जरा ओढल्यासारखं झालं. “पण आजींनी दार उघडायलाच खूप वेळ लावला, आणि आता म्हणताहेत, या घरात मूलच नाही.”

मी खो खो हसले. “ऐकलंत का आई, नातच नाकारलीत! टिल्ले, ये बाहेर. बाई आल्यात बघ.”

कोणी आलं नाही.

“शाळा सुटल्यावर मी स्वतः तिला आजींच्या हातात दिलं होतं,” बाई म्हणाल्या. “तासभर झाला असेल.”

मी आत गेले. आतल्या खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती. तिथून परत फिरताना माझं लक्ष फ्रिजकडे गेलं. तिने काढलेलं चित्र तिथे चिकटवलेलं होतं, ते नव्हतं. नुसते चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते. फडताळातला तिचा पेला नव्हता. न्हाणीघरात तिचा ब्रश नाही, टांगलेले कपडे नाहीत. दप्तर नाही, चपला नाहीत. रोज उठताबसता पायात येणारा तिचा पसारा कुठेच नव्हता. घरातून एक अख्खी पोर पुसून टाकली होती.

बाहेर येऊन मी विचारलं, “आई, टिल्ली कुठे आहे?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या बाईकडे पाहावं तसं.

“कोण टिल्ली?” त्या म्हणाल्या.

घाबरणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं असं आता वाटतं. म्हातारीचं डोकं फिरलं आणि तिने माझ्या पोरीचं काहीतरी करून टाकलं, हाच एक विचार मनात. मी हाका मारत सुटले. “टिल्ली! टिल्लू! बाळा, ओ दे ना गं!” गॅलरीत गेले. कठड्यावरून खाली पाहायचं धाडस होईना. डोळे मिटून वाकले आणि मग उघडले. खाली काही नव्हतं. पाण्याच्या पिंपाचं झाकण काढलं, आत हात घालून ढवळलं. माझा आवाज चिरकला, मला रडू फुटलं. मी मोठमोठ्याने रडत माझ्या लेकीला हाका मारत होते आणि त्या एवढ्याशा घरातून चकार शब्द येत नव्हता.

बाईही पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी फोन काढला. “मी पोलिसांना बोलावते.”

तो शब्द ऐकताच सासूबाईंनी दोन्ही टाचा दिवाणाच्या पुढच्या फळीला दाबल्या. हातांनी कडा धरल्या, बोटं पांढरी होईपर्यंत. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात पाहुणा आला की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहणारी माझी सासू आज बसली होती.

तो दिवाण माझ्या नवऱ्याने प्लायवूडचा बनवलेला. आत पेटी. पेटीत थंडीतली पांघरुणं ठासून भरलेली. वरची फळी उचलायला बोट जाईल एवढं एक भोक, आणि त्यावर गादी. त्यात हवा किती असणार?

“उठा!” मी त्यांच्या अंगावर धावले. “आई, उठा आधी!” दंड धरून ओढलं. ओल्या चादरी उपसून कमावलेले हात ते. मी पूर्ण जोर लावला, त्या तसूभर हलल्या नाहीत. बाई मदतीला पुढे आल्या. त्या समोर वाकल्या आणि लहान मुलाची समजूत घालावी तसं हसून म्हणाल्या, “आजी, घाबरू नका. मी फक्त तिची बाई आहे.”

सासूबाईंनी दिवाणाची कड आणखी घट्ट धरली. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “हसतेय बघ ती. तशीच हसतेय.”

मला अर्थ कळला नाही, पण एवढं कळलं की ही बाई घरात आहे तोवर म्हातारी उठणार नाही, जीव गेला तरी. आणि जीव तिचा जाणार नव्हता.

“बाई, तुम्ही जा.”

“अहो, पण मुलगी...”

“जा म्हणते ना! गाडी घेऊन जा!”

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं, मग खिडकीतून खालच्या गाडीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. धडा शिकवायला म्हणून त्यांनी जे वाचलं असेल, ते त्यांना त्या क्षणी उमगलं असावं. त्या दोन पावलं मागे सरल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “माफ करा. माझी चूक झाली. या घरात मूल नाही.”

त्या गेल्या. गाडी सुरू झाली. आवाज वळणापलीकडे विरला. सासूबाई तशाच बसलेल्या.

“गेली हो आई ती. उठा आता.”

“परत येते,” त्या पुटपुटल्या. “गेली असं दाखवते आणि परत येते.”

मी जमिनीवर बसून फळीला कान लावला. आत काहीच नव्हतं. श्वाससुद्धा नाही. माझ्याच कानातलं रक्त तेवढं धाडधाड वाजत होतं. मी त्यांचे पाय धरले. शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग परत शिव्या. त्यांचे कान रस्त्याकडे. शेवटी केव्हातरी, रस्त्यावरून काही येत नाही अशी खात्री पटल्यावर, त्या उठल्या. गादी मी एका झटक्यात फेकली.

पांघरुणांच्या मधोमध, आपल्या चपला-कपड्यांसकट, दप्तर छातीशी धरून, टिल्ली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, मूठ तोंडात कोंबलेली, डोळे टक्क उघडे. जिवंत. पण ती उठेना. माझ्याकडे पाहीचना, आजीकडे पाहत होती. आजी त्यांच्या भाषेत एकच शब्द बोलली, तशी ती उठून बसली आणि भराभरा श्वास घेऊ लागली.

मी तिला कुशीत घेतलं, गदागदा हलवलं. “माझ्या हाका ऐकू नाही आल्या का गं तुला?”

“आल्या की.”

“मग ओ का नाही दिलीस?”

“आजीने शिकवलंय,” ती म्हणाली. खेळात जिंकल्याचा केवढा आनंद होता तिच्या तोंडावर! “आईने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आई रडली तरी बाहेर यायचं नाही.”

मी सासूबाईंकडे वळले. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलणार होते, देव जाणे. त्या आमच्याकडे पाठ करून पांघरुणाची घडी घालत होत्या, आणि घडी घालता घालता बोलायला लागल्या.

“आईने मला आणि धाकट्याला जमिनीखाली ठेवलं होतं, धान्याच्या खड्ड्यात. वर फळ्या. गाडीतून एक शाळेची बाई आली, हसत हसत. म्हणाली, पोरं द्या, शिकवून माणसात आणतो. आमची आई म्हणाली, या घरात मूल नाही. बाईबरोबरच्या माणसांनी आईला धरलं. आई रडली. तिचं रडणं ऐकून धाकटा फळी सरकवून बाहेर गेला.” घडी झाली होती. ती मोडून त्यांनी पुन्हा घालायला घेतली. “मी नाही गेले.”

धाकट्याला नेलं त्या शाळेतून परतलेली काही पोरं सांगत की तिथे केस कापतात आणि आपली भाषा बोललं की तोंडात साबण कोंबतात. धाकटा परतलाच नाही. हे सगळं माझ्या नवऱ्यानेही त्याच संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. नळाकडे मात्र गेला नाही.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या, चालत. जिन्याच्या खालच्या पायरीशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, वर येऊ का ते आजींना विचारून या. आजी नाही म्हणाल्या, बाई परत गेल्या. असं बरेच वेळा झालं. तो धडा त्यांनी तूर्त बाजूला ठेवलाय, हेही त्यांनी मला सांगितलं. एके दिवशी सासूबाई स्वतःच जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. कठडा दोन्ही हातांनी धरलेला.

“तुम्ही शिकलेल्या,” त्या वरूनच म्हणाल्या. “त्या शाळेतून जी पोरं घरी आली नाहीत, ती कुठे गेली?”

बाई हसल्या नाहीत. “मला माहीत नाही, आजी. शोधू का? तुम्ही हो म्हणालात तरच.”

सासूबाईंनी धाकट्याचं नाव सांगितलं. आम्ही घरातल्यांनीही ते कधी ऐकलं नव्हतं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यांनी ते बाईंना सांगितलं, तुम्हाला नाही.

शोध अजून चालू आहे. दिवाणाची फळी नवऱ्याने खिळे ठोकून बंद केली. टिल्लीला समोर बसवून मी सांगायला गेले, “हे बघ, यापुढे मी हाक मारली की लगेच बाहेर यायचं.” अर्धं वाक्य बोलले आणि मला तो धाकटा आठवला. तोही आईचाच आवाज ऐकून बाहेर आला होता. माझ्याच्याने पुढे बोलवेना. आता रोज जेवायला म्हणून मी तिला हाक मारते, आणि तिची ओ येईपर्यंत दारात जीव मुठीत धरून उभी राहते.