जेवण झाले नाही

"फोन केला होता म्हणताय, तर नोंद असेल ना?" डॉ. म्हात्रे म्हणाले. ते कधी ओरडत नसत. "आमच्याकडे आलेल्या प्रत्येक फोनची नोंद होते."

"तिसऱ्या माळेला केला होता. दुपारी, ऑफिसमधल्या फोनवरून," स्मिता परब म्हणाली. "एका काकांनी उचलला. वयस्कर आवाज होता."

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलमध्ये, आयसीयूबाहेर आम्ही चौघं उभे होतो. डॉक्टर, स्मिता, तिचा नवरा महेश आणि मी. आत महेशची आई होती, शेवंताबाई परब, वय बहात्तर, नाकाला ऑक्सिजन लावलेला. नवरात्राची पाचवी माळ होती.

तो वयस्कर आवाज माझा होता. मी हातातल्या फाइलचं पान उलटलं आणि गप्प राहिलो.

त्या गप्प राहण्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी काम काय होतं ते सांगतो.

मी फार्मासिस्ट. छत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली. निवृत्तीनंतर डॉ. म्हात्रेंनी मला एका नव्या उपक्रमासाठी ठेवून घेतलं. डिस्चार्ज मिळालेल्या वृद्ध पेशंटवर पहिला महिनाभर फोनवरून लक्ष ठेवायचं. हॉस्पिटलमध्ये गोळी नर्स देते, वजन नर्स करते, बीपी नर्स बघते. घरी गेल्यावर हे सगळं एका दिवसात थांबतं. म्हणून एक ॲप केलं होतं. ते गोळीची आठवण करायचं, गोळी घेतली का विचारायचं. सोबत डिजिटल वजनकाटा द्यायचो. त्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप आमच्या स्क्रीनवर यायचा.

वजन कशाला, असं लोक विचारत. शेवंताबाईंसारख्यांच्या हृदयाचा पंप अशक्त झालेला असतो. शरीरात पाणी साठतं, पाय सुजतात, मग दम लागतो. दम लागायच्या आधी वजन वाढतं. चार दिवसांत दोन-तीन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी.

आमच्या स्क्रीनवर प्रत्येक पेशंटची एक पट्टी असे. हिरवी म्हणजे ठीक. लाल म्हणजे सिस्टरने लगेच फोन करायचा. पिवळी म्हणजे उत्तर किंवा वजन यायचं आहे, थांबा.

ॲपमधली मराठी वाक्यं मी लिहिली होती. "जेवणानंतरची गोळी घेतली का?" खाली बटणं दोन, हो आणि नाही. मी तिसरं घालून घेतलं, 'जेवण झाले नाही'. म्हातारी माणसं उशिरा जेवतात, उगाच 'नाही' दाबलं जाईल आणि सिस्टरची धावपळ होईल, हा माझा विचार. ते बटण दाबलं की ॲप दोन तासांनी पुन्हा विचारायचं. पट्टी पिवळी राहायची. सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही ते फार आवडलं होतं.

आता तो फोन.

त्या दुपारी सिस्टर जेवायला गेली होती. तिच्या टेबलावरचा फोन मी उचलला.

"सर, मी घाटकोपरच्या शेवंता परब यांची सून बोलतेय. आई तीन दिवस गोळ्याच घेत नाहीयेत. उपास आहे त्यांचा."

मी स्क्रीन बघितली. परब, पिवळी.

"ताई, इथे लाल काही दिसत नाहीये."

"दिसणार कसं? त्या दर वेळी तिसरं बटण दाबतात."

"मग जेवल्या की घेतील."

"सर, नऊ दिवस उपास आहे. आणि तुमचा वजनकाटा होता ना, त्या कोपऱ्यात घट बसवलेत. काटा माळ्यावर टाकलाय."

"उपास सोडायला सांगा त्यांना. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणावं."

"मी सांगून ऐकलं असतं तर तुम्हाला फोन केला असता का?" ती जरा थांबली. "बरं, मला कंप्लेंट नंबर द्या."

"आपल्याकडे तसं नसतं ताई. मी सांगतो सिस्टरला."

मी फोन ठेवला. तेवढ्यात फार्मसीतून कोणीतरी हाक मारली, एका इंजेक्शनचा स्टॉक संपला होता. मी तिकडे गेलो. सिस्टरला सांगितलं नाही, रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. विसरलो, एवढंच. त्यात मोठं कारण काही नव्हतं.

स्मिता मात्र विसरली नाही. पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई जिना उतरताना दोनदा थांबल्या, ते तिने पाहिलं. तिने माळ्यावरून काटा काढला, स्वयंपाकघरात ठेवला आणि सासूला हाताला धरून त्यावर उभं केलं. तीन किलो जास्त. आमच्याकडे पट्टी लाल झाली. सिस्टरने मिनिटभरात फोन केला, तासाभरात शेवंताबाई आयसीयूत होत्या. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, ते मला कोणी समजवायची गरज नव्हती.

म्हणजे शेवंताबाईंचा जीव सुनेने वाचवला होता. आणि कॉरिडॉरमध्ये तीच उलटतपासणीला उभी होती.

"नोंद नाहीये," डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं.

महेश बायकोकडे वळला. "दिवसभर कॉल सेंटरमध्ये जगाचे फोन घेतेस. आईसाठी एक फोन करायला जमलं नाही तुला?"

"महेश, मी केला होता रे!"

"कुठेय मग?"

तिने तोंड फिरवलं. मी तरीही बोललो नाही. नोकरी जाण्याची भीती नव्हती, माझं वय नोकरी जाण्याच्या पलीकडे गेलं होतं. लाज वाटली. बटण माझं, फोन मी घेतलेला, आणि सगळे मला शहाणा समजत होते.

दोन दिवसांनी शेवंताबाई वॉर्डात आल्या. मी स्टूल ओढून बसलो.

"आजी, गोळ्या का नाही घेतल्यात?"

"तुमीच लिवलात ना, जेवल्यार घेवची म्हणून? मी जेवलंय खंय?"

"काहीतरी खाल्लं असेल ना? साबुदाणा, वरी?"

आजींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तो फराळ. फराळ म्हंजे जेवाण न्हय. देवीचे घट बसलेत, मगे मी जेवतलंय कशी?"

माझी स्वतःची आई नऊ दिवस हेच म्हणायची. 'जेवलीस का' विचारलं की 'नाही रे, उपास आहे', आणि समोर खिचडीची ताटली. मी छत्तीस वर्षं औषधांच्या पाकिटांवर 'जेवणानंतर' लिहिलं आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आजींनी तर एकही खोटं उत्तर दिलं नव्हतं. दिवसातून दोनदा, पाच दिवस, त्या ॲपला खरंच सांगत होत्या. जेवण झाले नाही.

त्याच संध्याकाळी मी डॉ. म्हात्रेंना सगळं सांगितलं. म्हणजे शब्दाचं सगळं. फोनचं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ॲपवाल्यांना बोलावलं. वाक्य बदललं, "काही खाल्लंत का? फराळ, दूध, फळ, काहीही चालेल. आता गोळी घ्या." तिसरं बटण दोनदा दाबलं गेलं की पट्टी लाल व्हायला लागली. आणि घरी पाठवतानाच विचारायचं ठरलं की उपास कुठले करता.

मग एकेक कळायला लागलं. घाटकोपरचे एक जैन आजोबा सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसत आणि आम्ही त्यांना रात्री नऊची गोळी दिली होती. जोगेश्वरीचे एक चाचा रोज्यात दुपारच्या आठवणीला इमानदारीत 'नाही' दाबायचे. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्यांच्या वेळाच बदलून दिल्या. कोणाला उपास सोडायला लागला नाही. ते यंत्र पहिल्यांदाच आमच्या माणसांशी आमच्या भाषेत बोलायला लागलं होतं, आणि मला मनापासून आनंद होत होता.

पण शेवंताबाईंचा केस रिपोर्ट मीच टाइप केला होता. शेवटचा कॉलम, कारण. मी लिहिलं होतं, 'फॅमिली नॉन-कम्प्लायन्स'. म्हणजे घरच्यांनी सूचना पाळल्या नाहीत.

वर्ष गेलं. पुढच्या नवरात्राच्या आठवडाभर आधी शेवंताबाई तपासणीला आल्या. एकट्या, रिक्षाने. वजन उत्तम, पायाला सूज नाही. ॲप झकास वापरत होत्या.

"आता फराळ झालो की बटान दाबतंय आणि गोळी घेतंय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "सुनेचा काय खरा नाय. गेल्या वर्सा एक फोन केल्यान नाय, माका मरूक घातल्यान. महेश अजून बोलता तिका."

अजून बोलतो. मला वाटलं होतं, माणूस बरा झाला की विषय संपतो.

मी उठून डॉ. म्हात्रेंच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"एका वर्षाने, सामंत?"

"हो."

"त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"हो."

त्यांनी परबांची फाइल कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "रिपोर्ट दुरुस्त करा. सही तुमची. आणि त्यांच्या घरी मी नाही जाणार, तुम्ही जा."

रविवारी सकाळी घाटकोपरला गेलो. दार स्मिताने उघडलं.

"नमस्कार. मी सामंत, हॉस्पिटलमधून..."

"माहितीये. या."

मी उंबऱ्यातच सांगायला सुरुवात केली. तो फोन मी... तिने हाताने थांबवलं.

"काका, आयसीयूनंतर आईंना डिस्चार्ज दिलात तेव्हा गोळ्या तुम्हीच समजावल्यात ना? तेव्हाच ओळखला मी आवाज. दिवसाला शंभर आवाज ऐकते मी."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? नोंद कुठे होती?"

मी पिशवीतून रिपोर्ट काढून तिच्यापुढे धरला.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मला तर ठाऊकच आहे. आत चला. महेश आहे, आई आहेत. त्यांना सांगा."

आत सोफ्यावर महेश पेपर वाचत होता. आजी शेंगा सोलत होत्या. वजनकाटा टीव्हीच्या टेबलाखाली नीट ठेवलेला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वार, वेळ, मी काय म्हणालो, ती काय म्हणाली, कंप्लेंट नंबर मागितला तोसुद्धा. काटा तिने काढला नसता तर काय झालं असतं, तेही. दुरुस्त केलेल्या रिपोर्टची प्रत टेबलावर ठेवली.

महेशने ती दोनदा वाचली. मग बायकोकडे बघून म्हणाला, "तू नंबरपण मागितला होतास?"

"सवय आहे ना," स्मिता म्हणाली.

"सॉरी यार."

"आत्ता नको. नंतर बघू तुझं."

आजी शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "वरीस लागला तुमका?" मग सुनेला म्हणाल्या, "गो, ह्येंका चाय तरी दी. पाणी पिऊक वेळ नाय दिलंस."

चहा घेता घेता स्मिताने विचारलं, "आता तरी नंबर देता का फोनवर?"

देत नव्हतो. सोमवारी डॉ. म्हात्रेंशी बोललो. आता आमच्याकडे फोन आला की आधी क्रमांक तयार होतो, तो फोन करणाऱ्याच्या मोबाइलवर जातो, आणि सिस्टरने उत्तर लिहिल्याशिवाय बंद होत नाही. पहिला क्रमांक मी स्वतः टाकला, वर्षभरापूर्वीच्या फोनसाठी. तक्रार करणारी, स्मिता परब. फोन घेणारा, मी. उत्तराच्या रकान्यात लिहिलं, तक्रार खरी होती.

त्या नवरात्रात नऊही दिवस परबांची पट्टी हिरवी राहिली.

नव्या लोकांना शिकवताना मी दोनच गोष्टी सांगतो. पेशंटला विचारायचा शब्द आधी स्वतःच्या आईला विचारून बघा. आणि फोन ठेवायच्या आधी लिहून घ्या, कारण नंतर आपण विसरतो, आणि विसरलो हे सांगायला एक वर्ष लागतं.