बाहेर बसायचा ओटा

लग्न होऊन मी मुरूमहून तुळजापूरला आले, तेव्हा सासरच्या परसात एक पडका गोठा होता. गाय कधीच विकली होती. महिन्याचे ते दिवस आले की घरातल्या बाया त्या गोठ्यात बसायच्या. भिंतींत शेणाचा वास मुरलेला होता आणि कोपऱ्यातून विंचू निघायचे. पण वर छप्पर होतं, आणि तिथं बसलेल्या बाईवर कुणाची नजर पडत नसे.

माझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात भादव्याच्या झडीत तो गोठा बसला. सकाळी उठून बघतो तर नुसता मातीचा ढीग. मग बायांनी बसायचं कुठं, असा प्रश्न पडला. मामंजी म्हणाले, "ओटा बांधू. एकदाच, पक्का."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, निजामाच्या अमलात कचेरीत होते. राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, पण त्यांच्या तोंडातली गेली नाही. घरातली कुठलीही गोष्ट त्यांच्याकडून मंजूर किंवा नामंजूर होऊन यायची. अर्थात आधी सासूबाई काय म्हणतात ते ऐकूनच. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. घरात दोन मुलगे होते. थोरले तहसिलात कारकून, धाकटे माझे, शाळेत मास्तर. थोरल्यांची बायको म्हणजे माझी जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. ती भूम तालुक्यातल्या ईटची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं.

दसऱ्यानंतर गवंडी आला. परसात उभं राहून त्याचं, मामंजींचं आणि आत्याबाईंचं बोलणं चाललं होतं. अक्का आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होतो.

"मातीचा बांधू का?" गवंड्यानं विचारलं. "बसायला मऊ, आन् खर्च न्हाई."

"तो सारवायचा कुणी?" आत्याबाई म्हणाल्या. "बाहेरच्या बाईनं शेणाला हात लावायचा न्हाई, आणि मी का त्यांच्यासाठी सारवत बसू?"

"मग फळ्यांची माची करा. तुमच्या गोठ्याचं लाकूड पडलंच हाय. सुतार दोन दिसांत ठोकून देईल. उन्हात तापत न्हाई, थंडीत गार पडत न्हाई."

"लाकडातून विटाळ चालत येतो," आत्याबाई म्हणाल्या. "बाई तिकडं बसणार आणि विटाळ इकडं माझ्या देवघरात."

"लाकूड नामंजूर," मामंजी म्हणाले.

राहिला दगड. दगडाला विटाळ चिकटत नाही, वरून पाणी टाकलं की मोकळा. ओटा घराच्या जोत्याला टेकवायचा नाही, मधे हातभर जागा सोडायची, असंही ठरलं. गवंडी म्हणाला, "शहाबादी फरशी टाकू का वर? गुळगुळीत असती." मामंजी म्हणाले, फरशी पुढच्या सोप्याला लागणार आहे, मागं काळा दगडच घाल. "मग निदान ताशीव घालतो. बसायला बरं."

आत्याबाई हसल्या. "बसायला बरं करून काय करायचं? सुख लागलं की बाया रोजच बाहेर बसतील."

तेवढ्यात अक्का दारातून पुढं झाली. डोक्यावरचा पदर सावरत ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, वर पत्र्याचं छप्पर टाकलं तर बरं होईल. ऊन-पाऊस..."

"तू कोण बसणार त्यावर, राणी?" आत्याबाईंनी वळूनही पाहिलं नाही. "जिला कूस न्हाई तिचं बसणं काय आणि उठणं काय. महिन्याच्या महिन्याला बसतेसच की. एकदा नऊ महिने बसू नको, मग छप्पर माग."

गवंडी खाली बघत राहिला. अक्का आत आली आणि भाकरी थापायला बसली. तिचे हात थांबले नाहीत.

दिवाळीपर्यंत ओटा झाला. दगड ओबडधोबड, टाकीचे घाव तसेच राहिलेले. वर छप्पर नाही, बाजूला आडोसा नाही. शेजारच्या माळवदावर कुणी गेलं तर ओट्यावरची बाई सबंध दिसायची. मार्गशीर्षात मी तिथं पहिल्यांदा बसले तेव्हा रात्रभर दातावर दात वाजत होते. गोधडी एकच मिळायची, आणि तीसुद्धा धुवायला सोपी म्हणून पातळ. सकाळी उठले तर दगडांचे वळ पाठीवर उमटलेले. अक्का जेवण घेऊन आली, लांबून ताट सरकवलं आणि म्हणाली, "उशाकडचा दगड जरा सपाट आहे. कमर तिथं टेकत जा." तिनं सगळे दगड पाठ केले होते.

चैत्रात वन्सं माहेरपणाला आल्या. माझी नणंद, नवीनच लग्न होऊन सोलापूरला दिलेली. आठवडा झाला आणि त्या बाहेर बसायच्या झाल्या. त्या दिवशी सकाळीच आत्याबाईंनी सुताराला बोलावणं धाडलं. गोठ्याच्या जुन्या फळ्या माळ्यावरून निघाल्या आणि ओट्यावर मांडल्या गेल्या. चार बांबू रोवून वर पत्रा चढला. दुपारपर्यंत ओट्याची माडी झाली. वन्संसाठी गादी, उशी, पाण्याचा माठ. आत्याबाई स्वतः जवळ पाट मांडून बसल्या आणि लेकीशी गप्पा मारू लागल्या.

अक्का विहिरीवरून घागर घेऊन येत होती. ती थांबली. "आत्याबाई, लाकडातून विटाळ चालत येतो म्हणालात ना?"

"लेकीचा विटाळ घराचाच असतो," आत्याबाई म्हणाल्या. "तो कुठं बाहेरून आलाय?"

वन्संनी मान खाली घातली. त्या वाईट नव्हत्या. "वहिनी, मी गेले तरी राहू दे हे असंच," एवढं त्या म्हणाल्या. पण त्या सोलापूरला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पत्रा उतरवला गेला. गंजेल म्हणून. फळ्या पुन्हा माळ्यावर गेल्या. वाळवी लागेल म्हणून.

वैशाखात अक्का बाहेर बसली आणि तिचं अंगावर जाणं थांबेना. चौथ्या दिवशी न्हायची ती न्हालीच नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. जोवर जातंय तोवर बाहेर, हा नियम. दुपारी काळा दगड तव्यासारखा तापायचा. मी गोणपाट भिजवून लांबून फेकायची, ती ते अंगाखाली घ्यायची, आणि घटकाभरात ते कोरडंठाक व्हायचं. तिचा चेहरा पिवळा पडत गेला. उभी राहिली की भिंत धरायची. मी माझ्या ह्यांना म्हटलं, "अक्कांना डॉक्टराला दाखवा हो." ते म्हणाले, "दादांना सांग, त्यांची बायको." भाऊजींना, म्हणजे थोरल्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आईला विचार." आत्याबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बायकांचं दुखणं, आपसूक थांबतं. डॉक्टर शिवणार तिला? मग त्याला आंघोळ कोण घालणार?"

एका दुपारी वळवानं अंधारून आलं. वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या. लिंबाएवढ्या, शेजारच्या पत्र्यांवर दणदण वाजणाऱ्या. मी मागच्या दारातून बघितलं. अक्का ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि गोणपाट डोक्यावर धरायचा प्रयत्न करत होती. हातात जोर नव्हता, ते उडून गेलं. मग ती कुशीवर पडली.

मी धावले. काय करतेय याचा विचार केला नाही. तिच्या काखेत हात घालून तिला ओढत आणली, उंबरा ओलांडला आणि स्वयंपाकघरातच खाली निजवली. तिच्या कपाळावरून रक्त येत होतं. माझ्याही डोक्यात टेंगूळ आलं होतं. चुलीवर वरण होतं. आत्याबाई आल्या आणि त्यांनी आधी वरणाकडं बघितलं.

"टाकून दे ते," त्या म्हणाल्या. "सगळं टाकून दे. घर नासवलंस."

मामंजी सोप्यातून ओरडले, "कुणाच्या इजाजतीनं आत घेतलं तिला?"

मी म्हटलं, "मरत होती."

"मेली असती तर सुतक दहा दिवसांचं," आत्याबाई म्हणाल्या. "हे आता कशानं फिटणार?"

माझ्या ह्यांनी मला काही मारलं नाही. नुसतं दार दाखवलं. गारा थांबल्या होत्या. मी अक्काला घेऊन पुन्हा बाहेर गेले, आणि शिवले म्हणून मलाही तिच्यासोबत ओट्यावर बसवलं. दगडांच्या फटींत गारा अडकल्या होत्या. अक्कानं एक उचलून तोंडात टाकली. "गोड आहे," म्हणाली. मला रडू फुटलं, ती रडली नाही.

तिसऱ्या दिवशी अक्काचा भाऊ देवीच्या दर्शनाला म्हणून गावाहून आला. बहिणीसाठी ज्वारीच्या लाह्या आणि गूळ घेऊन आला होता. परसात येऊन त्यानं तिला बघितलं. पिशवी हातातून खाली पडली. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. तिला दोन्ही हातांवर उचललं आणि निघाला.

आत्याबाई आडव्या आल्या. "नेता तर न्या. पण तुळशीपुढनं नेऊ नका. मागच्या बोळातून न्या."

तो थांबला, त्यांच्याकडं बघितलं आणि तुळशीपुढूनच गेला. एसटीनं तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून गर्भाची पिशवीच काढून टाकली, तेव्हा ती वाचली.

ही बातमी कळली तेव्हा आत्याबाई जेवत होत्या. "पिशवीच न्हाई, मग बाई कसली राहिली?" म्हणून त्यांनी ताक मागितलं. भाऊजींचं दुसरं लग्न करायचं त्यांच्या मनात होतं. पण कायदा झाला होता आणि भाऊजी सरकारी नोकर. मामंजींनी कधी नव्हे ते खाली मान घालून सांगितलं, "नोकरी जाईल."

अक्का पावसाळाभर आणि दिवाळीनंतरही ईटलाच राहिली. ती तिकडंच राहावी असं मला फार वाटायचं. पण भावजयीनं किती दिवस सांभाळावं? पौष संपता संपता भाऊच तिला परत घेऊन आला. या वेळी तो उंबऱ्याबाहेर उभा होता आणि हात जोडून आत्याबाईंना म्हणत होता, "सांभाळून घ्या, आई."

"घेऊ की," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी अक्काला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता हिचं बाहेर बसणं संपलं ना? बरं झालं. महिन्याचे चार दिवस वाया जात होते."

तेव्हापासून अक्काला एक दिवसही उसंत मिळाली नाही. पहाटेचं दळण, पाणी, देवाचं सोवळं, दोन्ही वेळचा स्वयंपाक, बारा महिने तीस दिवस. ती कधीच विटाळशी नसायची म्हणून नैवेद्याचा स्वयंपाकही तिच्याच गळ्यात पडला. मी ओट्यावर बसलेली असायची आणि ती ताट सरकवायला यायची, तेव्हा क्षणभर तिथंच उभी राहायची. एकदा तिनं इकडं तिकडं बघितलं, ओट्याच्या कडेला टेकली आणि डोळे मिटून घेतले. आतून हाक आली. ती उठली, न्हाणीत जाऊन अंगावर थंड पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच चुलीपुढं गेली. मला शिवली नव्हती, पण दगडाला शिवली होती.

पुढं ह्यांची बदली जळकोटच्या शाळेत झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. निघायच्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, अक्कांना महिनाभर आमच्याकडं पाठवा. घर लावायला मदत होईल."

"ती गेली तर इथं भाकरी कोण थापणार? मी?"

अक्का चुलीपुढं होती. हात पिठानं भरलेले. माझ्या कडेवर लेक होती. अक्कानं मनगटानं तिचा गाल पुसला, त्याला थोडं पीठ लागलं, ते पदरानं झटकलं.

"जा तू," ती म्हणाली. "एसटी निघंल."