मेश्राम काकूची सायकल आम्ही हलकी केली

बुढापारा मोहल्ल्यात जुन्या, हलक्या विलायती सायकली दुरुस्त करून फिरवणारे आम्ही तिघं. वानखेडे भाऊ, दिलीप भैया अन् मी. अशा सायकलीचा एक नट खोला, एक किस्सा निघते! नट डब्यात राहते, किस्सा मोहल्लाभर फिरते, अन् तोंड लपवायचं आपण.

त्यात यंदा मेश्राम काकूनं काकांची सायकल आमच्या हवाली केली. काका गेल्यापासून ती जिन्याखाली उभी होती. काकू म्हणे, "चालती करून द्या. उन्हाळ्यात लहानी नात येऊन राहिली. आजोबाच्या सायकलवर तिले तळ्याभोवती एक चक्कर मारून आणा. तुमच्या भरवशावर आहे मी."

आमच्या भरवशावर! आता ऐका, आम्ही कोण ते.

*

वानखेडे भाऊ रेल्वेतून रिटायर. त्याईले वजनाचं वेड. सायकल आली की आधी धान्याच्या दुकानात, तराजूवर. मग स्टँड काढ, घंटी काढ, कॅरिअर काढ, पुन्हा तराजूवर. दुकानदार बिचारा वजन सांगून मोकळा होते. वहिनी मात्र एक दिवस भर गिऱ्हाइकाईत बोलल्याच, "सायकल हलकी करून राहिले, अन् हे पोट कोण हलकं करीन?"

भाऊ पोट आत ओढून उभे!

*

मडगार्ड म्हणजेही वजनच, म्हणून मी ते काढले. अन् भर पावसाळ्यात, पांढरा शर्ट घालून, भाच्यासाठी पोरगी पाहायले गेलो. चाकानं उडवलेला चिखल मानेपासून कमरेपर्यंत मागं बसलेला, मले काय माहीत! मी आपला सोफ्यावर ऐसपैस टेकलो. उठलो तं नव्या कव्हरवर माझी अख्खी पाठ छापलेली.

"राहू द्या, धुऊन घेऊ," पोरीची आई म्हणे. धरणी पोटात घेईन तर बरं, असं झालं मले. भाच्याचं लग्न पुढं दुसरीकडंच जमलं.

*

एकदा अभनपूरले निघालो. "रोडवर आपल्याले कोणी ओलांडून तं दाखवावं," दिलीप भैया म्हणे. तितक्यात मागून एक जाड काळी सायकल आली. हँडलले दोन थैल्या, मागं बायको, बायकोच्या मांडीवर कोंबडा. गेली की पुढं! बायको मान वळवून आमच्याकडं पाहत हसत गेली.

दिलीप भैया म्हणे, "हवा उलटी आहे बे."

हवा तं त्यालेही तीच होती.

*

काकूच्या सायकलीत मात्र आम्ही जीव ओतला. लाल ऑइल पेंट खरवडला अन् खालून मूळचा निळा निघाला, तं तिघंही नाचलो. चाकं सरळ केली, चेन नवी टाकली. समोरच्या दांड्यावर एक छोटीशी लोखंडी सीट कसलेली होती, पाय ठेवायले आडवी सळई.

"हे कंपनीचं नाही," वानखेडे भाऊ म्हणे. आमच्यात या वाक्यावर अपील नसते. सीट काढली, भंगारवाल्याले देऊन टाकली. पुन्हा तराजूवर. वा! काय हलकी झाली!

नात आली त्या दिवशी ऐटीत सायकल घेऊन गेलो. काकूनं दांड्यावरून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"लय चमकून राहिली," म्हणे, अन् चहा ठेवायले आत गेली.

पोट्टी टोपी घालून तयारच होती. सायकलच्या चारी बाजूनं फिरली अन् म्हणे, "मैं कहाँ बैठूँ?"

बाप्पा! तिघाईचे चेहरे पाहण्यासारखे. मले इतकी लाज आली का पोट्टीचं मन रमवायले मी घंटी शोधू लागलो. घंटीही आम्हीच काढलेली!

वानखेडे भाऊ खाली बसले. पोट्टीले खांद्यावर घेतलं अन् तळ्याकडं निघाले. अख्खी चक्कर. मागून आम्ही दोघं ती निळी, चकाचक सायकल हातानं ढकलत.

कठड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पंचर हो गे का, भैया?"

दिलीप भैया मान डोलवून म्हणे, "हव."