बॅटरीवाल्यांचा बाक

तुमच्या घरात कोण घोरतं हो? खरं सांगा. नवरा घोरत असेल तर लगेच सांगाल, हसून सांगाल. पण तुमचं स्वतःचं विचारलं तर? "छे, मी नाही बाई!" असंच म्हणाल ना? मीही तेच म्हणत होते.

सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलात पेसमेकर तपासायची एक खोली आहे. बाहेर लांब लाकडी बाक. तपासणीचं मशीन घेऊन येणारे साहेब ठरलेल्या शनिवारीच येतात, त्यामुळे तीच तीच माणसं त्याच बाकावर भेटतात. माझी नाडी फार मंद चालायची. दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा छातीत पेसमेकर बसवला. आम्ही त्याला बॅटरी म्हणतो आणि स्वतःला बॅटरीवाले. नंबर लागेपर्यंत करायचं काय? बोलायचं. असे किस्से घरी सांगता येत नाहीत, घरची माणसं घाबरतात. मग ते बाकावरच साठत जातात. आता ते सांगणाऱ्यांतलं कुणी कुणी बाकावर नाही. म्हणून म्हटलं, मीच सांगते.

*

बाकावरचे सगळ्यात बोलके म्हणजे कवठे महांकाळकडचे तात्या. बॅटरी डाव्या खांद्याखाली असते, म्हणून मोबाईल डाव्या खिशात ठेवू नका, असं आम्हा सगळ्यांना सांगितलेलं. तात्यांनी काय केलं? गावच्या टेलरकडून सगळ्या शर्टांचे खिसे उसवून उजवीकडे लावून घेतले! पण हाताची सवय जाते का? तंबाखूची पुडी डावीकडेच टाकायचे. तिथं खिसा नाही, पुडी जमिनीवर.

"दिवसभर वाकून वाकून उचलतोय," तात्या म्हणाले. "डॉक्टरनं व्यायाम सांगितला हुता, तो बी झाला!"

शेजारी त्यांच्या बायको बसलेल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं तंबाखू सोडा म्हणून सांगितलं हुतं. ह्यांनी खिसा सोडला!"

सगळा बाक हसला. एकट्या अक्का हसल्या नाहीत. माण तालुक्यातून पहाटेच्या एसटीनं आलेल्या अक्का, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

*

तपासणी सोपी असते. छातीवर एक चकतीसारखं काहीतरी ठेवतात आणि आतली सगळी नोंद कॉम्प्युटरवर उमटते. एकदा साहेब म्हणाले, "तात्या, बॅटरी एकदम झकास. आठ वर्षं बघायला नको."

साहेब बोलले बॅटरीचं. तात्यांनी ते आपल्या आयुष्याला लावून घेतलं! बाहेर आले ते मिशीवर हात फिरवतच. "आठ वर्सं पक्की. कॉम्प्युटरनं सांगितलंय. नातीचं लगीन बघूनच जाणार."

गावभर सांगितलं. पारावरची माणसं रामराम घालायच्या ऐवजी विचारायला लागली, "तात्या, किती शिल्लक?"

काकू वैतागल्या. म्हणाल्या, "मग उद्यापासनं रस्त्यावर अंथरूण टाका की! मरत तर न्हाईच तुमी."

*

पुढच्या तपासणीला साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "तात्या, रात्री कुठं पळत होता?"

"मी? मी तर झोपलो हुतो."

"तुम्ही झोपला होता. हृदय पळत होतं."

मग डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी काकूंना विचारलं, "घोरतात का? घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो का?"

"व्हय की," काकू म्हणाल्या. "बंद पडलं की जरा बरं वाटतं. तेवढाच माझा डोळा लागतो."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, आवाज बंद होतो तेव्हा त्यांचा श्वास बंद झालेला असतो. झोपेत घसा मिटतो. हवा मिळत नाही म्हणून हृदय बिथरतं."

"मग बॅटरी कशाला हाय?" तात्यांनी विचारलं.

"बैल थांबला तर बॅटरी त्याला ढकलते, तात्या. उधळलेला बैल तिला आवरत नाही. आणि हृदय असं उधळत राहिलं, तर त्यात रक्ताची गाठ होते. ती मेंदूत जाऊ शकते."

रक्त पातळ करायची गोळी सुरू केली आणि झोपताना नाकातोंडावर लावायचा मास्क वापरून बघायला दिला. त्याला नळी, नळीला छोटं मशीन. ते हवा दाबून घसा उघडा ठेवतं. तात्यांनी मास्क हातात घेऊन उलटासुलटा केला. मळणीला बैलाच्या तोंडाला जाळी बांधतात ना, धान्य खाऊ नये म्हणून?

"मुसकं!" तात्या म्हणाले. "ह्या वयात मला मुसकं बांधता व्हय?"

आणि मशीन पिशवीत घालून, ती पिशवी काकूंच्या हातात देऊन गेले.

*

आता माझं सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते.

मॅडमनी आमच्या ह्यांना विचारलं, "ह्या घोरतात का?" आमचे हे हळदीच्या अडतीवर कामाला. दिवसभर पोत्यांच्या धुळीत असतात, रात्री अंग टाकलं की संपलं. म्हणाले, "छे हो, मॅडम. मी घोरतो. ही अजिबात घोरत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला काही ऐकूच येत नाही ना!"

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मला झोपेच्या तपासणीला पाठवलं. डोक्याला वायरी, छातीला वायरी, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीसारखी मी बसले, तर सिस्टर म्हणते, "झोपा आता निवांत!"

झोपले मात्र. आणि घोरले! तेही चांगलंच! माझा श्वास उताणी झोपले की थोडा अडतो, कुशीवर झाले की अडत नाही, असं निघालं. मॅडमनी सांगितलं म्हणून ब्लाउजला पाठीवर एक खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. उताणं होताच येत नाही, टोचतो.

बाकावर सांगितलं तर काकू म्हणाल्या, "तुमचं बरं हाय, चेंडूवर भागलं. आमचं मुसकं अजून प्लास्टिकमधनं भाईर निघालं न्हाई."

*

ते निघालंच नाही. पुढच्या तपासणीच्या शनिवारी काकू एकट्या आल्या, मशीन परत द्यायला. कपाळ मोकळं होतं. आम्ही सगळे सरकून बसलो आणि त्यांना मध्ये जागा दिली.

गोळी तात्यांनी आठवडाभर घेतली, मग "बॅटरी हाय की" म्हणून सोडली. एका सकाळी चहाचा कप हातातून पडला. तोंड वाकडं झालं. गाठ मेंदूत गेली होती. तालुक्याच्या दवाखान्यात गेले ते गेलेच.

बॅटरी जळताना फुटते, म्हणून दहनाच्या आधी काढून घ्यावी लागते. पण त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार? अग्नी दिला आणि थोड्या वेळानं असा आवाज झाला की सगळी भावकी मागं पळाली. म्हाताऱ्या माणसांच्या पायातल्या चपला तिथंच राहिल्या.

"ल्योक सांगत हुता," काकू म्हणाल्या. "म्हटलं, गप कसं जातील? जल्मात कवा गप बसलं न्हाईत."

आम्हाला हसावं का रडावं कळेना. तेवढ्यात मशीनवाले साहेब बाहेर आले. काकूंनी पदर सावरला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "साहेब, त्यांची सात-आठ वर्सं ऱ्हायली हुती न्हवं? मग ती गेली कुठं?"



*

त्या दिवशी अक्का जाग्या होत्या. काकूंचं मन हलकं व्हावं म्हणून की काय, त्यांनी स्वतःची फजिती सांगितली.

साताऱ्याला भाच्याचं लग्न होतं. आदल्या रात्री हॉलमध्ये सगळ्या बायका सतरंजीवर ओळीनं झोपल्या. अक्कांच्या लेकीच्या सासूबाई शेजारीच. अक्का रात्रभर लसूण सोलत बसल्या. सगळ्या म्हणाल्या, "अक्का किती राबतात बघा!"

"राबती कुठली!" अक्का म्हणाल्या. "मी घोरती. लय घोरती. विहिणीसमोर घोरले तर लेकीला जल्मभर ऐकावं लागंल. म्हणून बसले लसूण सोलत."

दुसऱ्या दिवशी अक्षता मुठीत घेऊन उभ्या होत्या आणि उभ्या उभ्याच झोपल्या. मंगलाष्टका संपल्या, वाजंत्री वाजली, तरी मूठ मिटलेलीच! नवरानवरी पाया पडायला आले तेव्हा दचकून जाग्या झाल्या आणि सगळ्या अक्षता त्या विहिणीच्याच डोक्यावर टाकल्या!

काकूसुद्धा हसल्या. डॉक्टर मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

*

मॅडमनी अक्कांची फाईल मागवली. अक्कांची बॅटरीही रात्रीची पळापळ दाखवत होती. अक्कांचे मालक अण्णा बाकाच्या टोकाला बसलेले. मॅडमनी तिथंच विचारलं, "अण्णा, अक्कांचा श्वास झोपेत थांबतो का?"

अण्णांनी आधी आमच्याकडे बघितलं. एवढ्या लोकांत बायकोचं घोरणं काढलं म्हणून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. ताठ बसून म्हणाले, "आमच्या घरातली बाई घोरत न्हाई."

"आवं, मीच आत्ता सांगितलं की!" अक्का म्हणाल्या.

"तू गप."

मॅडमनी पुन्हा विचारलं. मग अण्णांचा आवाज खाली आला. "मला काय म्हायती, मॅडम? सगळी उमर मुंबईत हमाली केली. जत्रंला यायचं, चार दिस ऱ्हायचं, जायचं. आता कायमचा आलोय, तर ती आत नातवंडांजवळ झोपती आन् मी सोप्याला."

मॅडम म्हणाल्या, "मग आता एक रात्र जागा. त्यांच्याजवळ बसा, बघा, मोबाईलवर आवाज घ्या. आणि जास्त दिवस लावू नका."

अक्का लाजून लाल झाल्या. "आवं मॅडम, घरात सुना हायत्या!"

*

हे शेवटचं.

अक्का आणि अण्णा त्यानंतर लवकरच परत आले. शनिवार नव्हता, मीच ह्यांच्या औषधासाठी गेले होते म्हणून भेट झाली. बाकावर आम्ही तिघंच. अण्णांचे डोळे लाल. रात्रभर जागले होते आणि सकाळी तसेच एसटीत बसले होते. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी उभ्यानंच अण्णांचा मोबाईल घेऊन रात्रीचा आवाज लावला.

आधी घोरणं. मोठं, करवतीसारखं. अक्कांनी पदरात तोंड लपवलं. मग एकदम आवाज बंद. काहीच नाही. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं तेवढं. मग मोबाईलमधून अण्णांचा आवाज आला, आधी हळू, मग घाबरलेला.

"हौसा. ए हौसा! हौसा!"

आणि मग अक्कांनी घेतलेला तो श्वास. बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा.

आमच्याकडं त्या वयाची माणसं एकमेकांचं नाव घेत नाहीत. आम्हाला तर अक्कांचं नाव माहीतच नव्हतं, ते फक्त फाईलवर होतं. अक्कांनी पदरातून तोंड बाहेर काढलं. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू. "एवढ्या जोरात नाव घेत्यात व्हय? सुनांनी ऐकलं असंल की!"

मॅडम म्हणाल्या, "अक्का, आजच राहा. रात्री तपासणी करू, मास्क लावू. मला हे बरं दिसत नाही."

"आज न्हाई, मॅडम. शेळी आजउद्या व्यायला झालीया. पैलारू हाय, पयलंच बाळतपण, अडली तर सुनांस्नी जमायचं न्हाई. परवा येते. नक्की येते."

मॅडमनी परत परत सांगितलं. मीही सांगितलं, काकूंची आठवण करून दिली. शेवटी मॅडमनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "घर तिनंच चालवलंय, मॅडम. मी काय सांगू? ती म्हणंल तसं."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी लागली होती. अण्णा खिडकीशी बसले आणि बसल्या बसल्या पेंगायला लागले. अक्कांनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. भर स्टँडात! आणि मला म्हणाल्या, "बघा की, एका रातीत काय हाल झालं!" मग त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "आज तुमी झोपा निवांत. आज जागायची माझी पाळी."

पुढचं मला त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी व्याली. दोन करडं झाली. सून सासूबाईंना सांगायला आत गेली, तर अण्णा अक्कांचा गार पडलेला हात धरून त्यांना हाका मारत होते. नावानं.