काकूंच्या पोथीतला राजा

मुदखेडला कमलकाकूंच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी काकांनी मला जिन्यात अडवून ओठांवर बोट ठेवलं. "हळू. ही पोथीवर बसलीय." काका रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून फलाटावरचाच, पण ते चक्क कुजबुजत होते. देवघरात काकू पाटावर बसलेल्या, पुढ्यात तांबड्या कापडातली पोथी, ओठ मिटलेले, नजर खाली. पोथीवर बसलेल्या माणसाला अध्याय संपेपर्यंत हाक मारायची नाही, असा त्या घरचा नियम होता. एरवी हाकांना तोटा नव्हता. चहा, औषध, चष्मा, पंखा, पुन्हा चहा. काकूंना उसंत मिळायची ती फक्त त्या पाटावर.

"आमची ही म्हणजे संतीणच," असं काका गल्लीभर सांगत. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा देवाला फुलं द्यायला आत गेले आणि पाहते तर काय, तांबड्या कापडात, पोथीच्या पानांवर, एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी उघडलेली! मी आ वासून उभी. काकू दचकल्यासुद्धा नाहीत.

"ह्यांना सांगायचं तर सांग माय," त्या हळूच म्हणाल्या, "पण अध्याय संपल्यावर."

मी कसली सांगते! उलट नांदेडच्या ऑफिसातून परतताना मीच वाचनालयातली पुस्तकं डब्याच्या पिशवीत लपवून आणू लागले. इतिहास, जुन्या मोठ्या कादंबऱ्या, काहीही चालायचं. पोथीशी त्यांचं वाकडं होतं असं मुळीच नाही. ती त्यांनी मनापासून वाचली होती, बरीचशी तोंडपाठ होती. पण म्हणायच्या, "पोथीत चुकलेल्याला लगोलग शिक्षा होऊन राहते. इतिहासात माणूस चुकतो, अन् त्या चुकीसंगं पुढं जगतो. ते मला लई आपलं वाटतं." किल्ल्यांची वर्णनं त्या दोनदोनदा वाचत. कंधारचा किल्ला तिथून काही फार लांब नाही, पण तो त्यांनी पाहिला नव्हता. चला, एका रविवारी जाऊन येऊ, असं मी कितीदा म्हटलं. "घर कोणावर टाकून येऊ?" यापुढे बोलणं कधी गेलं नाही.

त्यात काकूंच्या म्हाताऱ्या सासूबाईंची दृष्टी गेली. काकू त्यांना आत्याबाई म्हणत. आत्याबाईंनी देवघरात आपलं बसकर टाकलं आणि फर्मान काढलं, "तू मनातल्या मनात वाचून मला काय पुण्य? मोठ्यानं वाच." एवढी भाविक सून नाही कशी म्हणणार? आपणच विणलेल्या जाळ्यात काकू पुरत्या अडकल्या. रोज पोथी मोठ्यानं, ओवीच्या चालीत. हातातली कादंबरी ऐन मोक्यावर राहिली. राजा किल्ल्यात कोंडलेला, बाहेर शत्रूचा वेढा, कोठारातलं धान्य संपत आलेलं. मी जिन्यात भेटले की त्या कासावीस होऊन म्हणत, "माझा राजा उपाशी हाय माय." शेवट सांगू का, म्हटलं तर मान हलवायच्या. "नको. सांगून सुटका होत न्हाई. वाचूनच व्हावी लागते."

आणि एका सकाळी जिना उतरताना मी थबकले. चाल ओवीचीच होती, पण शब्द? "किल्ल्यातला दाणा संपला हो... घोडी झाडांच्या साली खाऊ लागली हो..." काकू कादंबरी ओवीच्या चालीत म्हणत होत्या! बाहेर काका डोळे मिटून डोलत होते. मी तोंडात पदर कोंबला. अध्याय संपला, काकू कापड बांधू लागल्या, तोच आत्याबाईंचा आवाज आला.

"बांधू नको. राजा उपाशी हाय अन् तू उठून राहिलीस?"

काकूंचं तोंड उतरलं. "आत्याबाई, ही पोथी न्हाई."

"ठाव हाय मला. डोळे गेलेत, डोकं न्हाई गेलं. लगीन होऊन आले तवापासून ह्याच घरात हाय मी. वेढा म्हंजे काय, मला नको सांगू. वाच."

त्या दिवसापासून दोघी मिळून राजाची काळजी करू लागल्या. एकमेकींशी कामापुरतं बोलणाऱ्या सासू-सुना आता भाजी निवडताना फितूर कोण यावर वाद घालत. अशात माझी बदली लातूरला झाली. वाचनालयाची प्रत परत करायची होती, म्हणून निरोप घेताना मी त्यांना तेच पुस्तक विकत आणून दिलं.

काही महिन्यांनी आत्याबाई गेल्याचं कळलं. मी भेटायला गेले, तर काका अभिमानानं म्हणाले, "आईचा नेम हिनं मोडला नाही. रोज पोथीवर बसते."

काकू पाटावर होत्या. पुस्तक उघडं होतं, शेवटची थोडी पानं राहिलेली. आता कुणाला वाचून दाखवायचं नव्हतं, मनातल्या मनात वाचायला त्या मोकळ्या होत्या. मी तसं म्हटलंही.

"रोज बसते माय. पान पुढं सरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "वेढा उठायच्या आधीच आत्याबाई गेल्या. त्यांना आत ठेवून मी एकटी कशी बाहेर निघू?"

मी आत्याबाईंच्या बसकरावर जाऊन बसले. "मोठ्यानं वाचा काकू. मी ऐकते."

त्यांनी डोळे पुसले आणि तीच चाल धरली. चोरदरवाजा उघडला, माणसं दबकत खाली उतरली, मागं मशाली दिसू लागल्या. बाहेर काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. काकूंचा आवाज मध्येच कापला, पण त्या थांबल्या नाहीत. शेवटचं पान झालं, तेव्हा त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि तांबडं कापड घट्ट बांधलं.

"अगं, झाली का पोथी?" काकांनी हाक दिली. "चहा टाक."

"हाव, आले."

राजा किल्ल्याबाहेर पडला होता. काकू चहा टाकायला आत गेल्या.